गुरुजी म्हणतात

मसुऱ्याच्या अलीकडे एका वाडीत आमची दोनशिक्षकी शाळा होती. पहिली-दुसरी बाई घेत, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझी मुलगी तिसरीत आली तेव्हा मी तिला पडवीत समोर बसवून नियम सांगितला. घरात बाबा, शाळेत गुरुजी. शाळेची पायरी चढली की मी तुझा बाबा नाही.

"आणि पायरीर बसलंय तर?" तिने विचारलं.

"मगे कोणीच नाय," मी म्हणालो. बायको आत हसली. मी हसलो नाही. तेव्हा मी फारसा हसत नसे. शिक्षकाने हसलं की वर्ग हातचा जातो असं मला वाटे.

तो नियम तिने पाळायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो मी किती पाळला, ते सांगायला बसलो आहे. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. इतकी वर्षं ती बायको सोडून कोणाला माहीत नव्हती.

मुलगी चालत कधी आली नाही. धावत यायची, नाहीतर पडत. प्रश्न विचारायची आणि उत्तर ऐकायला थांबायची नाही. पाढे म्हणता म्हणता बाहेर कोंबडी कोकलली की ही खिडकीतून पसार, कारण दार लांब पडे. पाटी एकीकडे, पेन्सिल दुसरीकडे, रिबिनीची गाठ तिसऱ्याच मुलीच्या केसांना. वाडीतल्या बायका विहिरीवर म्हणत, "गुरुजींचा चेडू म्हणजे वारो भरल्ली पाडी." वारं प्यालेली कालवड. एकीने तर मला तोंडावर विचारलं, "गुरुजी, गावाची पोरा बसवलास, घरचा चेडू कधी बसवतलास?"

हीच मुलगी दुपारी आईबरोबर अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करायला बसली, की टोपली रिकामी होईपर्यंत मान वर करत नसे. केळीच्या दोऱ्यात एकेक फूल अडकवायचं, गाठ मारायची, पुढचं घ्यायचं. बोटं चालू आणि तोंड बंद. हे माझ्यासमोर, माझ्याच ओसरीवर चाले. पण जे वर्गात घडत नाही ते घडतच नाही, अशी माझी नजर झाली होती.

मग तपासणी आली. तपासणी असली की आदल्या दिवशी प्रश्नोत्तरं घोटून घ्यायची, ही आमच्याकडची रीत. साहेबांनाही ती ठाऊक असे. काय काय विचारू, हे ते चहा पिता पिता गुरुजींनाच विचारत. त्या दिवशी साहेब खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "आपल्या जिल्ह्यातली मुख्य पिकं कोण सांगेल?" सगळ्या वर्गाचे हात वर. माझी छाती फुगलेली. तेवढ्यात ही उभी राहिली.

"साहेब, ह्यो प्रश्न आमका कालच दिल्लो. दुसरो इचारा."

वर्ग हसला. साहेबही हसले. म्हणाले, "हुशार आहे हो. कोणाची मुलगी?"

"वाडीतलीच आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत होती. नियमाप्रमाणे ती काही बोलू शकत नव्हती.

त्या संध्याकाळी मी हात उचलला नाही. इतर मुलांवर उचलत असे, तिच्यावरही कधी कधी. त्या दिवशी मी थंड डोक्याने विचार केला, आणि ते जास्त वाईट झालं. एका मासिकात अतिचंचल मुलांवर लेख आला होता. शहरात यावर डॉक्टर असतात, तपासून नाव सांगतात, गोळ्या देतात, असं त्यात होतं. आज त्या नावाची इंग्रजी अक्षरं मुलांचे आईबापही सहज बोलतात. तेव्हा मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला एकदम हलकं वाटलं. दोष माझ्या शिकवण्यात नव्हता, घरातही नव्हता. दोष मेंदूत होता, आणि तो मेंदू माझा नव्हता.

बायको म्हणाली, "आदी देवाक इचारूया. मगे खंय जावचा थंय जावया."

आमच्याकडे मोठं काही करायचं तर ग्रामदेवतेला कौल लावतात. पाषाणाला फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने मोठ्याने सवाल घालायचा. उजवीकडची कळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. पण सवाल चारचौघांसमोर घालायचा असतो. तो वाकडा वाटला तर देवळात बसलेला कोणीही तो अडवू शकतो, आणि अडवतातच. कधी कधी सवालावरूनच दुपार होते आणि कौल दुसऱ्या दिवशी लागतो.

गुरवाने मला विचारलं, "काय सवाल घालू, गुरुजी?"

"चेडवाक कोल्लापुराक डॉक्टराकडे न्हेल्यार गुण येतलो काय, इचार."

खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा मानकरी होता, तो म्हणाला, "ह्यो सवाल आडवो, गुरुजी. चेडवाक दुखणा आसा काय नाय, ता आदी इचारूक नको?"

"गुरुजींनी उत्तर खिशात घालून हाडल्यानी हा," दुसरा म्हणाला.

"आणि दुखणा चेडवाचा की शाळेचा, ता पण इचारा रे!"

"गप मेल्या, तुका अंगठे धरून उभो करतीत ते."

देऊळभर हशा. गुरवही तोंड फिरवून हसला. बायको हात जोडून तशीच उभी. मुलगी तर केव्हाच मागच्या तळीवर बेडूक बघायला गेली होती. मला वाटलं, ही माणसं माझी फिरकी घेतायत. मी म्हणालो, "देवाच्या नावान सगळ्यो गावगजाली!" आणि चपला घालून चालू पडलो. सवाल न घालताच कळ्या दगडावर राहिल्या.

वाटेत बायको म्हणाली, "तुमी रागान इलास. पण तेंचा चुकला खंय?"

"अडाणी माणसांका डॉक्टरकी काय कळता?" मी म्हणालो. त्यांनी डॉक्टरकीबद्दल काही म्हटलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. की आलं होतं? आता सांगता येत नाही.

कोल्हापूरला आम्ही वैभववाडीवरून एसटीने गेलो. घाट लागला तशी मुलीला उलट्या सुरू झाल्या. बायकोने तिच्या तोंडात आवळा धरला, पदराने वारा घातला. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती कोमेजून गेली होती. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली.

डॉक्टर भला माणूस होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर त्यांच्यावर फोडायची सोय मी बरीच वर्षं करून ठेवली होती. त्यांनी तिला बघितलं आणि म्हणाले, "इथे तर शांत आहे."

"प्रवासाने थकलीय," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"तुम्ही काय करता?"

"जिल्हा परिषदेत आहे." तेही खरंच.

मग त्यांनी घरचं विचारलं. जेवताना उठते का, खेळ अर्धा सोडते का, झोपते कशी. मी सांगितलं. बायकोकडे त्यांनी एकदा बघितलं, पण शहरातल्या डॉक्टरासमोर पुस्तकी मराठीत बोलायचं तिला दडपण होतं, आणि मी तिच्या वाटचंही बोलत होतो. डॉक्टर म्हणाले, "हे बघा, नुसतं घरी असं वागत असेल तर मी त्याला आजार म्हणत नाही. शाळेतही तसंच असेल तर पुढे विचार करू. शाळेत शिक्षक काय म्हणतात?"

मी सांगू शकलो असतो की शिक्षक मीच. एवढंच एक वाक्य होतं. ते बोललो असतो तर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं असतं. घरचा साक्षीदार आणि शाळेचा साक्षीदार एकच, म्हणजे साक्ष एकच. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर मी ते बोललो नाही.

"गुरुजी म्हणतात," मी म्हणालो, "एका जागी बसत नाही. गुरुजी म्हणतात, सगळा वर्ग बिघडवते. गुरुजी म्हणतात, असं मूल त्यांनी आजवर बघितलं नाही."

मुलीने मांडीवरून डोकं उचललं. "बाबा, कोण गुरुजी?"

"शाळेतले," मी म्हणालो.

बायकोने तिचं डोकं परत मांडीवर घेतलं. डॉक्टर लिहीत होते. देवळात सवाल अडवणारी पाच-सहा तोंडं होती. इथे एकच होतं, आणि ते उलटीने सुकलेलं.

डॉक्टरांनी गोळी दिली. पण नुसती गोळी नाही. त्यांनी मला बराच वेळ समजावलं. तिला लांबलचक काम देऊ नका, तुकडे करून द्या. बसायच्या आधी धावू द्या. दाराशी, खिडकीशी बसवू नका, गुरुजींच्या जवळ बसवा. चारचौघांत रागावू नका. एखादं काम जमलं की लगेच तसं म्हणा. कधी कधी एवढ्यानेच भागतं, म्हणाले, गोळी मग बंदही करता येते. "हे त्या गुरुजींना नक्की सांगा हं. त्यांच्याशिवाय व्हायचं नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

परतीच्या एसटीत मुलगी झोपल्यावर बायकोने विचारलं, "वळेसर करताना बसता, ता सांगूक नाय तुमी?"

"त्यांनी ता इचारूक नाय."

"आणि ह्ये गुरुजी कोण? दोन माणसा झालास काय तुमी?"

मी गोळ्यांची पुडी खिशात नीट सारली.

सकाळी पेज झाली की गोळी. मी स्वतः देत असे. थोड्याच दिवसांत फरक दिसला. ती बसू लागली. पाटीवर डोळे ठेवून बसे. विचारलं तर उत्तर देई, नाही विचारलं तर नाही. जेवण कमी झालं. बांगड्याचं तिखलं म्हणजे तिचा जीव. ते पुढ्यात तसंच राहायला लागलं. अबोलीची टोपली पुढे घेऊन बसे, पण फूल हातात धरून थांबे, पुढे काय करायचं ते आठवत नसल्यासारखी. वाडीत बोलबाला झाला, "गुरुजींच्या चेडवाक बरा झाला गो." मी ऐकत असे. मला ते आवडत असे, हे लिहायला हवं. डॉक्टरांनी गुरुजींना सांगायला सांगितलं होतं त्यातलं अवाक्षर मी गुरुजींना सांगितलं नाही. गरजच काय होती? गोळी काम करत होती.

भात कापणीच्या सुमाराला शाळेच्या कौलांत उंदीर होतात आणि उंदरांमागे धामण येते. एक दिवस मी फळ्यावर भागाकार मांडत असताना वासा करकरला आणि भली मोठी धामण धप्पकन वर्गाच्या मधोमध पडली. धामण काही करत नाही, आमच्याकडे पोरांनाही ते माहीत असतं. पण अंगावर पडल्यावर कोण विचार करतो? एकच आरडाओरडा झाला. पोरं दारातून, खिडक्यांतून बाहेर. मी स्वतः बाहेर उडी मारली. धामणही घाबरून भिंतीकडेने निघाली.

अंगणात मी पोरं मोजायला लागलो तेव्हा बाई ओरडल्या, "गुरुजी, तुमचा चेडू!"

ती आत होती. आपल्या जागेवर. पाटी मांडीवर, हात पाटीवर. धामण तिच्या बसायच्या पट्टीजवळून सरकत गेली आणि ती तिच्याकडे बघत होती, कोणी रस्त्याने जाताना बघावं तशी. मी दारातून हाक मारली. ती हलली नाही. मी आत जाऊन तिला उचलली, आणि ओरडलो, "उठलंस कित्या नाय गो?"

"गुरुजी, तुमी उठ म्हणाक नाय," ती म्हणाली.

माझी मुलगी. कोंबडी कोकलली तर खिडकीतून उडी मारणारी. मला नेमकं हेच हवं होतं ना, बसलेलं मूल? ते मला मिळालं होतं. मी तिला कडेवर घेऊन शाळेच्या पायरीवर बसलो. तिने विचारलं, "आता बाबा म्हणू?"

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "उद्यापासून ती गोळी माझ्या घरात दिवची नाय. तुमका दिवची तर तुमच्या त्या गुरुजींका देवा." एवढं टोचून ती आयुष्यात मला दुसऱ्यांदा बोलली नाही.

अशी औषधं आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत एवढं मला माहीत होतं. मी एकटाच पुन्हा कोल्हापूरला गेलो. धामणीचं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. गोळी कमी करत बंद कशी करायची ते त्यांनी सांगितलं आणि विचारलं, "त्या गुरुजींनी बाकीचं केलं का, मी म्हटलेलं?"

तेव्हा तरी सांगायचं. मी त्यासाठीच गेलो होतो, निदान घाटात तसं ठरवलं होतं. "प्रयत्न करतायत," मी म्हणालो, आणि उठलो.

मग मी ते केलं. उशिरा का होईना, केलं. तिला माझ्या टेबलाशेजारी जागा दिली. भागाकार पाच द्यायचे तर आधी एक, मग बाहेर जाऊन माडाला हात लावून यायचं, मग दुसरा. शाळेची घंटा तिच्याकडे दिली. विहिरीवरून पाण्याची कळशी तिने आणायची. निबंध तिने उभ्याने, खिडकीच्या कट्ट्यावर पाटी ठेवून लिहिला तरी चालेल असं ठरवलं, तर सगळा वर्ग उभ्याने लिहायला मागू लागला. बाई म्हणाल्या, "गुरुजी, शाळा आसा की एसटी?" संध्याकाळी अभ्यासाआधी बायको तिला वळेसर करायला बसवी, बोटं लागली की मन लागे, असं तिचं म्हणणं. काही दिवस छान जात. काही दिवस मी पूर्वीसारखाच ओरडे आणि मग रात्री जेवण जाईना. जादू काही झाली नाही. गणितात ती कच्चीच राहिली. पण पुन्हा धावत यायला लागली, आणि पडायलाही.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. ती विचारायला लागली होती. "बसू?" "उठू?" "आता जाऊ?" वाडीतल्या बायकांना ते वळण वाटलं. शाळा संपली, कॉलेज संपलं, तिचं लग्न झालं, तरी जेवणाच्या पंगतीत बसायच्या आधी ती क्षणभर थांबे आणि कोणीतरी "बस गो" म्हणायची वाट बघे. ते फक्त मला दिसे. बायकोलाही दिसत असेल. आम्ही त्यावर बोललो नाही.

मागच्या महिन्यात तिचा ठाण्याहून फोन आला. तिच्या मुलाबद्दल शाळेने बोलावलं होतं. तो बसत नाही. डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी विचारलं, घराण्यात कोणाला असं होतं का. "बाबा, लहानपणी माका गोळ्यो चालू होत्यो ना? म्हणजे माका होता ता. डॉक्टराक तसा सांगू?"

तिच्या एका होकारावर त्या मुलाचं बरंच काही ठरणार होतं. मी म्हणालो, "थांब जरा." मग उभ्या-उभ्या फोनवरच सगळं सांगितलं. "वाडीतलीच आहे" पासून. गुरुजी म्हणतात, गुरुजी म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलेलं आणि मी दाबून ठेवलेलं. माझा आवाज मलाच अनोळखी लागत होता.

तिच्या मागे नातू कशावरून तरी उड्या मारत होता.

"माका आठवता," ती म्हणाली. "मी इचारलेला, कोण गुरुजी. माका वाटलेला, गाडी लागल्ली म्हणान सपान पडला."

"सपान नाय ता," मी म्हणालो.

"मगे माका खरा होता काय नाय ता?"

"म्हायत नाय, बाय." खरं तेच होतं. असेलही. तिच्यासारखी मुलं मी पुढे पाहिली, त्यांतल्या काहींना औषधाने खरोखर हात दिला, तेही पाहिलं. औषध वाईट असं सांगायला मी हे लिहीत नाही. तिला काय होतं, ते कळायची एक वेळ होती. तेव्हा बघायचं काम माझं होतं, आणि मी दोन माणसांच्या वतीने खोटं बोलून आलो. आता ते कोणालाच कधी कळणार नाही. तिलाही नाही.

"म्हणजे डॉक्टराक काय सांगू?"

"सांग की बापाक इचारला. बापाक म्हायत नाय."

"बरा," ती म्हणाली. त्या एका शब्दात राग होता की काय होतं, त्याचा अर्थ मी अजून लावत बसलो आहे. मग म्हणाली, "ह्येच्या शाळेतल्या बाई वेगळ्या, घराकडे मी वेगळी. दोघांका वेगवेगळा इचारतले डॉक्टर. मी बाईंका आदी काय सांगूचंय नाय." आणि फोन ठेवायच्या आधी, "आईक देवा फोन."

बायकोशी ती बराच वेळ बोलली. मी अंगणात उभा होतो. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्क आहे असं मला वाटेना. संध्याकाळी बायको एवढंच म्हणाली, "मे म्हयन्यात येतली. नातवाक घेवन."

"माझ्यावर रागावली आसा?"

"आसा," ती म्हणाली. "येतली तरी."